काउंटीची नोटीस आली, पण प्रेअरी डॉग वाचवायचे आहेत: आधी बांध सांभाळा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'आम्ही पश्चिम कॅन्ससमधल्या एका लहान गावात राहतो. नवरा इथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे. चार वर्षांपूर्वी आम्ही एक सेक्शन, म्हणजे ६४० एकर गवताळ रान विकत घेतलं. गुरं आमची नाहीत, इथलाच एक रँचर भाड्यानं चारतो. रानाच्या पूर्व बाजूला साधारण १५० एकरांत प्रेअरी डॉगची वसाहत आहे. तिच्या बिळांत उन्हाळ्यात घुबडं राहतात, हिवाळ्यात सोनेरी गरुड येतात. आम्हाला ती जपायची आहे. पण पूर्वेच्या शेजाऱ्याच्या कुरणात बिळं निघाली, त्यानं तक्रार केली आणि आता सप्टेंबरात काउंटीची, म्हणजे जिल्हा प्रशासनाची, नोटीस आली आहे: दिलेल्या मुदतीत प्राणी मारा, नाहीतर आम्ही माणसं पाठवून मारू आणि खर्च तुमच्या मालमत्ता करात लावू. आमच्या जमिनीत आमच्या मर्जीविरुद्ध सरकार विष टाकू शकतं का? फेरेट, म्हणजे प्रेअरी डॉग खाणारे मुंगसासारखे प्राणी, आणून सोडले तर संरक्षण मिळतं असं ऐकलं, ते खरं का?'

उत्तर:

हो, टाकू शकतं. कॅन्ससमध्ये १९०१ सालचा कायदा अजून पुस्तकात आहे. टाउनशिपला, म्हणजे काउंटीखालच्या स्थानिक कारभाराला, आणि तिच्या जागी काउंटीला, प्रेअरी डॉग नष्ट करण्यासाठी खासगी जमिनीत शिरण्याचा आणि खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार तो देतो. 'जमीन आमची आहे' एवढ्या उत्तरावर ही नोटीस मागे जाणार नाही. मात्र काउंटीला तुमच्या रानाच्या मधोमध काय चाललंय यात फारसा रस नसतो. तिच्यापुढे तक्रार आहे ती बांधाची. तो बांध तुम्ही नीट सांभाळलात, आणि सांभाळताय हे कागदावर दाखवलंत, तर आतली वसाहत वाचवायला जागा राहते.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी: प्रेअरी डॉग कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला, किलोभर वजनाचा, बिळात राहणारा प्राणी आहे. भुंकल्यासारख्या आवाजामुळे हे नाव पडलं. कॅन्ससमध्ये आढळतो तो काळ्या शेपटीचा. मादी वर्षातून एकदाच विते, पिल्लं मे-जूनमध्ये बिळाबाहेर येतात. हे महिने लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आधी नोटीस. मुदत संपायच्या आत लेखी उत्तर गेलंच पाहिजे, तेही पोच मिळणाऱ्या टपालानं. त्यात या गोष्टी मागा: काउंटीनं केलेल्या ठरावाची प्रत, तक्रारीची प्रत, कोणत्या भागात विष टाकणार त्याचा नकाशा, औषधाचं नाव आणि पर्यावरण संरक्षण संस्थेचा नोंदणी क्रमांक, टाकणाऱ्याचा परवाना, आणि येण्याआधी किमान दोन दिवसांची सूचना. राज्याच्या खुल्या दस्तऐवजांच्या कायद्याखाली ठराव आणि नकाशा तुम्हाला मागता येतो. त्याच पत्रात लिहा की तुम्ही हद्दीवरचं नियंत्रण स्वतः सुरू करत आहात आणि पुढच्या सभेत योजना मांडायला वेळ हवा आहे. काउंटीचा कारभार पाहणाऱ्या कमिशनरांची सभा खुली असते. विषयपत्रिकेत नाव घालून घ्या, नकाशा घेऊन जा, दहा मिनिटांत बोला. शेती आणि जमिनीच्या कायद्याचा वकील आत्ताच गाठा, कारण न्यायालयातून तात्पुरती मनाई आणायची झाली तर ती विष पडायच्या आधी आणावी लागते. आणि रागाच्या भरात फाटकाला कुलूप ठोकू नका. अधिकारी कायद्यानं आत येत असताना त्यांना अडवलंत, तर प्रकरण प्रेअरी डॉगचं न राहता तुमच्यावरचं होईल.

आता बांध. गावाकडे बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात, ती का चालतात हे तुम्हाला सांगायला नको. इथेही तसंच आहे. शेजाऱ्याची तक्रार खोटी ठरवायला जाऊ नका. बिळात पाय जाऊन गुरांचे पाय मोडतात असं तो म्हणेल. प्रत्यक्षात असं क्वचित घडतं, पण या वादात शिरलात तर बोलणं तिथेच तुटेल. त्याच्या कुरणात आत्ता किती बिळं आहेत ती दोघं मिळून मोजा, आणि ती साफ करण्याचा खर्च तुम्ही देणार हे लिहून द्या. पुढेही दर वर्षी, त्याच्या बाजूनं नवी बिळं निघाली तर, तुमच्या खर्चानं. हा कागद कमिशनरांपुढे ठेवलात की तक्रारीचा दात निघतो.

हद्दीवर दोन पट्टे लागतात. पहिला, कुंपणाला लागून आत सुमारे ३० मीटर रुंदीचा, उंच गवताचा. प्रेअरी डॉगला लांबवर दिसायला हवं असतं. कोल्हा, बिज्जू (बॅजर), ससाणा कुठून येतो ते दिसलं नाही तर तो तिथे बीळ काढायला कचरतो. म्हणून पट्ट्याच्या आतल्या बाजूनं विजेच्या तारेचं हलकं कुंपण घाला, दोन तारा, पायानं रोवता येणारे खांब, आणि गवत वाढण्याच्या काळात गुरं तिथे शिरू देऊ नका. तुमची पूर्व हद्द मैलभर असेल तर हा पट्टा जेमतेम १२ एकरांचा होतो. चराईचं तेवढं नुकसान सोसता येतं.

पट्टा कुठे फसतो तेही ऐका. तुमच्याकडे नुसतं बफेलो ग्रास आणि ब्लू ग्रामा असेल तर गुरं काढूनही गवत वीतभरच राहील, कारण त्याची जातच बुटकी. वेस्टर्न व्हीटग्रास, साइडओट्स ग्रामा, लिटल ब्ल्यूस्टेम यांसारखी उंच होणारी स्थानिक गवतं पेरावी लागतील. बियाण्याचं प्रमाण आणि पेरणीची वेळ जिल्ह्यातल्या एनआरसीएस, म्हणजे मृदसंधारणाच्या संघराज्य खात्याच्या, कार्यालयात विचारा, ते जमिनीचा पोत बघून सांगतात. गवत धरायला दोन-तीन वर्षं जातात आणि दुष्काळ पडला की पट्टा विरळ होतो. शिवाय जिथे प्रेअरी डॉग आधीच राहतात तिथे ते उंच काड्या खायच्या नसल्या तरी कुरतडून पाडतात, फक्त दिसावं म्हणून. त्यामुळे पट्टा रिकामा केल्याशिवाय गवत उभं राहत नाही.

म्हणून दुसरा पट्टा, गवताच्या आत साधारण १०० मीटर रुंदीचा, जिथे तुम्ही दर वर्षी वसाहत राहू देणार नाही. वसाहत हद्दीला अर्धा मैल भिडलेली असेल तर हा भाग सुमारे २० एकरांचा. इथले प्राणी मरतील. ज्यांना वाचवायचं त्यांच्यातल्याच काहींना मारा म्हणणं जड जातं, पण २० एकर सोडले नाहीत तर दीडशेच्या दीडशे जातात.

या पट्ट्यासाठी झिंक फॉस्फाइड लावलेले ओट वापरा, दुसरं काही नको. या प्रकारची विषं घ्यायला आणि टाकायला परवाना लागतो. विद्यापीठाच्या शेती विस्तार सेवेकडून अभ्यास करून परीक्षा द्या, नाहीतर परवानाधारक माणूस लावा. पद्धत अशी: आधी दोन-तीन दिवस बिनविषारी ओट टाकायचे, चालू बिळाच्या कडेला चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम. ते खाल्ले गेले तरच विषारी दाणा, तेवढाच, ढीग न करता पसरून. एकरी ३० ते ५० बिळं धरली तर २० एकरांना सुमारे ८०० बिळं आणि तीन-सव्वातीन किलो विषारी दाणा लागेल. आधीचा साधा दाणा वगळलात तर प्राणी चाखून थोडंच खातात, आजारी पडतात, बरे होतात, आणि मग त्या हंगामात ओटाला तोंड लावत नाहीत. वापराचा काळ जुलै ते जानेवारी. हिरवं गवत असताना ते दाणा घेत नाहीत आणि वसंतात पिल्लं बिळात असतात. पाऊस येणार असेल त्या दिवशी टाकू नका. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की झिंक फॉस्फाइडचा वायू होतो आणि प्राणी लवकर मरतो, मांसात विष फारसं उरत नाही. म्हणून मेलेला प्राणी खाणाऱ्या गरुडाला धोका कमी. पण दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना, कुत्र्याला आणि घोड्याला धोका आहेच, आणि उतारा नाही. त्या दिवसांत भाडेकरूला गुरं त्या भागातून हलवायला सांगा.

चालू बीळ ओळखायचं कसं, तर तोंडाशी ताज्या लेंड्या, ताजी उकरलेली माती, आणि कोळ्याचं जाळं नाही. शंका असेल तर तोंडावर माती लोटा, दुसऱ्या दिवशी उघडलं असेल तर चालू.

काउंटी काय टाकणार हे मागायला सांगितलं त्याचं कारण आता कळेल. क्लोरोफॅसिनोन, म्हणजे रोझोल, हे रक्त गोठू न देणारं विष आहे. ते टाकण्याचा काळ १ ऑक्टोबरपासून १५ मार्चपर्यंत, म्हणजे तुमच्याकडे दिवस थोडे आहेत. ते खाल्लेला प्राणी लगेच मरत नाही. कित्येक दिवस सुस्तावून बिळाच्या तोंडाशी, उघड्यावर पडून राहतो आणि बिज्जू, गरुड, कोल्ह्याला तो सहज मिळतो, विषासकट. म्हणूनच लेबलावर अट आहे की दाणा बिळात किमान सहा इंच खोल घालायचा, नंतर वारंवार फेऱ्या मारून मेलेले प्राणी शोधायचे आणि खोल पुरायचे. १५० एकरांत हे काम किती होतं याचा हिशेब कमिशनरांसमोर मांडा: पाच-सहा हजार बिळं, किती माणसं, किती फेऱ्या, कोण करणार. अमेरिकेत कीटकनाशकाचं लेबल म्हणजे कायदाच, ते मोडणं गुन्हा. तुमच्याकडे गरुड येतात, तर त्यांचे तारखांसह फोटो काढून ठेवा.

तिसरं विष ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. बिळात टाकून तोंड बुजवायचं, ओलाव्यानं वायू होतो आणि आत जे जे असेल ते सगळं मरतं. इथे तुमची घुबडं कामाला येतात. बिळातलं घुबड, बरोइंग आउल, स्थलांतरित पक्ष्यांच्या संघराज्य कायद्याखाली संरक्षित आहे. ते बीळ ओळखायला फार सोपं. तोंडाशी वाळलेल्या शेणाचे कुस्करलेले तुकडे पसरलेले असतात, घुबडानं स्वतः आणून टाकलेले. आसपास पांढरी विष्ठा, भुंग्यांच्या चकचकीत कवचांनी भरलेल्या ओकाऱ्या, एखादं तपकिरी पीस. अशा प्रत्येक बिळाचं जीपीएस स्थान आणि फोटो आजच घ्या. ऑक्टोबरात ती दक्षिणेला निघून गेली की पुरावा विरळ होतो. ही यादी काउंटीला उत्तरासोबत जोडा, म्हणजे 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायला कुणाला जागा राहणार नाही.

आता फेरेट. तुम्ही ऐकलेली गोष्ट कॅन्ससमधलीच. काळ्या पायांचा फेरेट जवळजवळ सगळा प्रेअरी डॉगवर जगतो, त्यांच्याच बिळात राहतो. तो नामशेष झाला असं धरलं गेलं होतं. १९८१ साली वायोमिंगमध्ये मिटित्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्यानं मेलेला फेरेट घरी आणला आणि तो अजून आहे हे कळलं. १९८७ पर्यंत तिथले शेवटचे १८ पकडून त्यांच्यापासून पैदास केली गेली. डिसेंबर २००७ मध्ये त्या वंशातले फेरेट कॅन्ससच्या लोगन काउंटीत सोडले. एक जागा होती खासगी रँचरांची एकत्र मिळून सुमारे दहा हजार एकरांची, दुसरी द नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्ग संवर्धन संस्थेची स्मोकी व्हॅली रँच. याच रँचरांवर काउंटीनं तोच जुना कायदा लावला होता, आणि प्रकरण वर्षानुवर्षं न्यायालयात राहिलं. फेरेट संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित असल्यानं रँचरांच्या बाजूला वजन आलं, हे खरं. पण तिथेही हद्दीभोवती प्रेअरी डॉगचं नियंत्रण करावंच लागलं.

तुमच्यासाठी ही वाट आज बंद आहे. एक फेरेट वर्षाला शंभराच्या आसपास प्रेअरी डॉग खातो. खासगी जमिनीवर फेरेट सोडण्यासाठी २०१३ पासून मालकांशी करार करण्याची एक संघराज्य योजना आहे. त्यात काळ्या शेपटीच्या प्रेअरी डॉगच्या किमान १,५०० एकर वसाहती लागतात. तुमची वसाहत त्याच्या दहावा भाग. आजूबाजूचे दोन-तीन मोठे मालक सोबत आले तर पुढे कधीतरी विचार करता येईल. फेरेट कुठूनही स्वतः आणून सोडण्याचा विचार तर मनातही आणू नका, तो संघराज्य गुन्हा आहे. प्रेअरी डॉगला स्वतःला असं संरक्षण नाही. २००० साली सरकारनं त्याला संरक्षित प्रजातींच्या यादीत घालणं योग्य असल्याचं मान्य केलं पण लांबणीवर टाकलं, २००४ मध्ये उमेदवारीतून काढलं, २००९ मध्ये गरज नाही असं ठरवलं. जमिनीवर कायमचा संवर्धन करार नोंदवूनही काउंटीचा हात थांबत नाही. तो करार जमिनीचे तुकडे पाडण्यावर आणि बांधकामावर बंधन घालतो, १९०१ च्या कायद्यावर नाही.

भाडेकरूशी बोलणं याच महिन्यात करा, कारण गवत कुठे लांडं राहणार हे त्याच्या गुरांवर आहे. ढोबळ हिशेब असा की अडीचशे-तीनशे प्रेअरी डॉग मिळून एका वासरासह असलेल्या गाईएवढं खातात. एकरी सात-आठ धरले तर तुमच्या १५० एकरांतले प्राणी चार-पाच गाईंचा चारा खातात. तेवढी गुरं कमी करा किंवा तेवढं भाडं सोडा, पण ते करारात लिहा. नाहीतर दुष्काळाच्या वर्षी तोच तुमच्याविरुद्ध सभेत उभा राहील. मिठाच्या ढेपा आणि पाण्याची टाकी पूर्व हद्दीजवळ असेल तर पश्चिमेला हलवा. गुरं जिथे गोळा होतात तिथलं गवत तुडवून खुरटं होतं, आणि वसाहत खुरट्या गवताकडे सरकते. वसाहत वाढायचीच असेल तर पश्चिमेकडे, रानाच्या मध्याकडे वाढू दे. त्या बाजूचं गवत कापलंत तरी चालतं. भाडेकरू नेमबाजांना प्रेअरी डॉग मारायला येऊ देत असेल तर निदान शिशाच्या गोळ्या बंद करा, शिशाचे कण मेलेल्या प्राण्यातून गरुडाच्या पोटात जातात.

पट्ट्यातले प्राणी पकडून आत सोडता येतील का, असंही तुम्ही विचाराल. येतात, पण वन्यजीव खात्याची परवानगी आधी घ्या. पिल्लं मोठी झाल्यावरच, एका कुटुंबातले सगळे एकत्र, आणि पश्चिमेला रिकामी पडलेली बिळं असतील तरच. भरल्या वसाहतीत सोडलेल्या परक्यांना तिथली कुटुंबं हाकलतात. ८०० बिळांच्या पट्ट्यात हे पुरं पडत नाही, दहा-वीस प्राण्यांसाठी करून बघा.

एका गोष्टीकडे फार कमी मालकांचं लक्ष असतं, ती म्हणजे प्लेग. हो, माणसाला होतो तोच, यर्सिनिया पेस्टिस. तो अमेरिकेत १९०० च्या सुमारास जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. प्रेअरी डॉगच्या अंगात त्याला प्रतिकार नाही, पिसवांमार्फत पसरतो आणि अख्खी वसाहत काही आठवड्यांत रिकामी होते. काउंटीशी भांडून वाचवलेलं सगळं असं जाऊ शकतं. बिळाबिळात डेल्टामेथ्रिनची भुकटी मारली तर पिसवा मरतात. एका बिळाला ४ ते ६ ग्रॅम, म्हणजे आतल्या उरलेल्या १३० एकरांना सुमारे २५ किलो आणि हातपंप घेऊन बरीच पायपीट. सगळीकडे जमत नसेल तर घुबडांच्या भोवतालचा गाभा आधी करा. रान अचानक गप्प झालं, भुंकणं थांबलं, बिळांच्या तोंडाशी माश्या जमल्या, तर मेलेल्या प्राण्याला हात लावू नका, कुत्रा बांधून ठेवा आणि आरोग्य विभागाला कळवा. त्यानंतर आठवड्याभरात घरात कुणाला ताप किंवा जांघेत-काखेत गाठ आली तर डॉक्टरला प्लेगचं नाव स्वतःहून सांगा. तुमच्या घरात ते सोपं आहे.

आणि दर वर्षीची नोंद. जुलैत वसाहतीच्या कडेनं जीपीएस घेऊन चाला, सर्वांत बाहेरच्या चालू बिळांवरून रेघ काढा, एकर मोजा, ठरलेल्या दहा जागांवरून दर वर्षी त्याच दिशेनं फोटो घ्या. मे-जूनमध्ये तरुण नर दोन-तीन किलोमीटर चालत जाऊन नवी बिळं काढतात आणि त्यांना कुठलाच पट्टा पूर्ण अडवत नाही. म्हणून जूनअखेर शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे त्याला सोबत घेऊन एक फेरी मारा, सापडलेली बिळं जुलैतच साफ करा आणि त्या दिवसाच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. त्याची एक प्रत काउंटीच्या कारकुनाकडे पोच घेऊन द्या, पहिली प्रत या वेळच्या उत्तरासोबतच.